खोल्या तितकी गाणी

घरातल्या प्रत्येक खोलीत वेगळे संगीत असावे, आणि ते बसल्या जागेवरून नुसत्या तोंडी हुकमाने सुरू व्हावे किंवा थांबावे, ही चैन एके काळी राजेरजवाड्यांनाच परवडत असे. दिवाणखान्यात गवई, देवघरात पुजारी, नगारखान्यात सनईवाले आणि या सर्वांकडे आज्ञा पोचवणारा हुजऱ्या, एवढा लवाजमा त्यासाठी पदरी बाळगावा लागे. आज हेच काम तळहातावर मावेल एवढी पेटी करते. अशा बोलक्या पेट्या भारतात २०१७ पासून विकल्या जाऊ लागल्या. पुण्यामुंबईतले त्यांचे कौतुक ओसरू लागले तसतशा त्या तालुक्याच्या गावांत पोचल्या. चांदूर रेल्वेतल्या आमच्या घरी आता अशा तीन आहेत. एक बैठकीत, एक माजघरात आणि एक मागच्या खोलीत. त्या कोणत्या कंपनीच्या, याला येथे महत्त्व नाही.

या यंत्रांविषयी लिहिणारे बहुधा दोन प्रकारचे आढळतात. एक सोयीचे गुणगान करणारे, आणि दुसरे 'पूर्वी सारे घर एका रेडिओभोवती बसायचे हो' म्हणून उसासे टाकणारे. पहिल्यांशी वाद घालण्याची आमची इच्छा नाही, सोय आहेच. दुसऱ्यांविषयी मात्र थोडे बोलणे भाग आहे, कारण ते ज्या एकत्र ऐकण्याची आठवण काढतात त्यात ऐकणारे सगळे असले, तरी लावणारा एकच असे. घरात गाणे कोणाच्या शब्दाने लागते, हा प्रश्न या हळहळीत कुठेच येत नाही. आमच्या घरात तो या पेट्यांमुळे प्रथमच उघडपणे पुढे आला, म्हणून हे टिपण.

मुळात खोलीखोलीतून वेगळे संगीत ही काही नवी गोष्ट नव्हे. वऱ्हाडातल्या जुन्या घरात पहाटे माजघरात जाते फिरे आणि त्याच्या घरघरीवर ओवी चाले. देवघरात कोणी भूपाळी म्हणत असे. गोठ्याकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज येई. ही सगळी गाणी एकमेकांत मिसळत, पण कोणी कोणाला थांबवीत नसे. त्यांना हुकूम देणारा कोणी नव्हता, आणि बहुतेकदा गाणारा व ऐकणारा एकच होता. जात्यावरच्या ओव्यांचे हेच वैशिष्ट्य आहे. दळणाऱ्या बाईने त्या स्वतःसाठी आणि समोर खुंट्याला हात लावणाऱ्या दुसऱ्या बाईसाठी म्हटल्या. घरातल्या पुरुषांनी त्या अर्धवट झोपेत ऐकल्या असतील तेवढ्याच. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या शेकडो गावांत फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तो संग्रह चाळताना ध्यानात येते की सासर, माहेर, भाऊ, दारिद्र्य, देव यांविषयी बाईला जे बोलायचे होते ते तिने अशा जागी सांगून ठेवले, जेथे तिला कोणी मुद्दाम ऐकत नव्हते. पुढे गावात पिठाची गिरणी आली. दळणाचे कष्ट गेले, आणि त्यांच्याबरोबर त्या खोलीचे गाणेही गेले. कष्ट गेल्याचे दुःख कोणी करू नये. तरी गाणे गेले, ही नोंद राहतेच.

त्यानंतरचा काळ रेडिओचा. आमच्या घरी तो बैठकीतल्या कोनाड्यात असे. त्याचा वार्षिक परवाना टपाल कार्यालयात भरावा लागे. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत चालू होती. परवाना वडिलांच्या नावावर, आणि बटणाला हातही वडिलांचाच. बातम्या, बाजारभाव, शेतीविषयक कार्यक्रम, आणि त्यांचा मूड असेल तर गाणी. नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले होते, पण आकाशवाणीवर काय लागावे हे ठरवणारे आणखी मोठे वडीलधारे दिल्लीत बसले होते. बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि १९५२ पासून आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि देशातले श्रोते तिकडे वळले. शेवटी १९५७ साली विविध भारती काढून सरकारने माघार घेतली. म्हणजे राष्ट्राच्या दिवाणखान्यात वडिलांनी नको म्हटलेले गाणे मुलांनी शेजाऱ्याच्या घरी जाऊन ऐकले. आमच्या घरात मात्र आईला जायला शेजार नव्हता. ती चुलीपाशी बसून भिंतीपलीकडून जे येईल ते ऐके. तिला त्या काळातली कितीतरी गाणी येतात, पण अनेकांचे शब्द मधूनच गळालेले आहेत. फोडणीचा आवाज झाला की तेवढी ओळ गेली. ती जन्मभर गेली. 'आवाज थोडा वाढवता का', असे बैठकीकडे तोंड करून म्हणण्याची रीत नव्हती.

या पार्श्वभूमीवर पेट्या आल्या. मुलगा मागच्या खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीचे काम करतो; त्यानेच त्या आणल्या आणि जोडल्या. जोडताना पहिला प्रश्न नावांचा आला. प्रत्येक पेटी कोणत्या खोलीत आहे हे यंत्राला सांगावे लागते, म्हणजे मग 'अमुक खोलीत तमुक लाव' असे म्हणता येते. दोन-तीन पेट्यांचा गट करून त्यालाही एक नाव देता येते, आणि सगळीकडे एकच गाणे हवे असल्यास तशीही सोय असते. नाव दिल्याशिवाय ओळख नाही, हा नियम आमच्या गावाला नवा नाही. भुसावळकडून नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला आणि त्यावर आमचे स्टेशन आले. याच जिल्ह्यात चांदूर बाजार असल्यामुळे दोन्ही चांदुरे वेगळी कळावीत म्हणून आमच्या गावाच्या नावापुढे 'रेल्वे' लागले, ते कायमचेच. आगगाडीच्या सोयीसाठी आम्ही आडनाव घेतले. आता पेटीच्या सोयीसाठी खोल्यांनी नावे बदलायची होती.

पेटीने सुचवलेल्या यादीत लिव्हिंग रूम, किचन, बेडरूम, ऑफिस अशी नावे होती. माजघर नव्हते. ते आपण होऊन लिहिता येते, तसे लिहूनही पाहिले. पण तोंडाने 'माजघर' म्हटले की पेटीला ते कळेना. अखेर मुलाने माजघराचे 'बेडरूम' केले, कारण आईची खाट तेथे आहे. ज्यांनी माजघर पाहिले आहे त्यांना हा बदल किती मोठा आहे ते सांगायला नको. ती घराच्या पोटातली खोली. तिथे धान्याच्या कोठ्या, बाळंतिणीची बाज, दुपारी कलंडलेल्या बायका आणि निजवलेली पोरे, सगळे एकत्र. ती कोणा एकाची कधीच नसते. आईने नवे नाव ऐकले आणि म्हणाली, "बेडरूम तं मले जन्मात भेटली नाही बाप्पा, आता नावाची तरी भेटली." यावर सगळे हसले. तीही हसली.

दुसरा प्रश्न हाकेचा. ही पेटी सतत कान देऊन असते, पण ठरलेली हाक ऐकू आल्यावाचून जागी होत नाही. ती हाक ओळखण्याचे काम पेटीतच होते. हाक पटली की पुढचे बोलणे दूरच्या संगणकांकडे जाते, तेथे त्याचे शब्द आणि शब्दांचा अर्थ लावला जातो, आणि मग गाणे येते. आता आमच्या आईच्या पिढीचे पाहा. या बायकांनी नवऱ्याला जन्मभर नाव न घेता बोलावले. 'अहो, ऐकलं का' ही त्यांची हाक, आणि तिने नवरा जागा होईलच याची खात्री नसे. नाव घ्यायचे ते उखाण्यात, तेही चारचौघांनी आग्रह केल्यावर. नावाने हाक मारणे हा वडीलधाऱ्यांचा आणि मालकांचा अधिकार होता. या पेटीपुढे तो अधिकार आईला वयाच्या ऐंशीनंतर मिळाला. पहिले काही दिवस ती हाक मारायला सरळ लाजत असे. पेटीतून बाईचा आवाज येतो म्हणून तिने तिला 'बाई' करून टाकले होते, पण 'बाई' म्हटल्याने पेटी जागी होईना. "काहून वं बाई, बोलत काहून नाही?" असे ती विचारी, आणि बाई गप्प.

तिसरा प्रश्न भाषेचा, आणि तो सर्वांत कठीण निघाला. अ‍ॅमेझॉनच्या अलेक्साला २०१९ साली हिंदी येऊ लागली. गूगलच्या फोनवरच्या सहायकाला त्याआधी, २०१८ साली, मराठीही येऊ लागली होती. आमच्या घरातल्या पेट्यांना इंग्रजी आणि हिंदी कळते. समजा उद्या मराठी कळू लागली, तरी ती कोणती? 'माझे भजन लाव' हे त्यांना समजेलही. 'मायं भजन लाव वं' याचे काय? 'ण'च्या जागी 'न', 'ळ'च्या जागी 'य', 'तुला' ऐवजी 'तुले' ही आमची रोजची बोली. शाळेत गुरुजींनी तिची चेष्टा केली, पुण्याला गेल्यावर मित्रांनी केली, आणि आता हे यंत्र चेष्टासुद्धा करीत नाही. ते नम्रपणे हिंदीत सांगते की समजले नाही. आईने त्यावर तोडगा काढला. ती पेटीशी हिंदी बोलते. स्टेशनवर, कापडाच्या दुकानात, भाजीवाल्याशी जी बोलते तीच हिंदी. आपल्या घरात, आपल्या माजघरात, आपले भजन मागण्यासाठी ती परक्याशी बोलावे तशी बोलते.

यंत्राच्या दाराशी भाषा बदलून उभे राहण्याचा हा प्रकार पुष्कळ जुना आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या तबकड्यांपैकी त्या होत. गाणे संपताच त्या आपले नाव इंग्रजीत सांगतात, हे त्या तबकड्यांवर आजही ऐकू येते. तबकड्यांच्या प्रती जर्मनीतल्या कारखान्यात निघत, आणि तेथील कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे म्हणून ही योजना होती. गाणे कोणत्याही भाषेत चालेल, पण स्वतःची ओळख यंत्राच्या मालकाला कळेल अशा भाषेत द्यायची. सव्वाशे वर्षांत एवढाच फरक पडला की तेव्हा गाणारीने हे करायचे होते, आता ऐकणारीने करायचे आहे.

याच्या उलट उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. रिद्धपूर ही महानुभावांची मोठी भूमी. तेराव्या शतकात 'लीळाचरित्रा'चे लेखन तेथे झाले. चक्रधरांच्या मागे पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. एका विद्वान शिष्याने संस्कृतात ग्रंथरचना करण्याचे मनात आणले, तेव्हा त्यांनी त्याला रोखले. कारण त्यांनी असे दिले की, तसे झाल्यास पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकतील. आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जाही दिला. याचा आनंद आहेच. पण सातशे वर्षांपूर्वी एका आचार्याने भाषेचा निर्णय घेताना म्हातारीला काय कळेल हे आधी पाहिले, ही गोष्ट आम्हाला त्या दर्जापेक्षा मोठी वाटते. कोणतेही यंत्र घरात घेताना विचारण्याजोगा हा प्रश्न आहे, आणि तो दुकानात कोणी विचारीत नाही.

आता ज्या प्रसंगामुळे हे सगळे लिहावेसे वाटले तो सांगतो. आई सकाळी सातला तुकडोजी महाराजांची भजने लावते. काही मिनिटांनी भजन मध्येच थांबे. ती ते संपले असे समजून उठे आणि भाजी चिरायला बसे. असे कित्येक दिवस चालले. एकदा सुनेने माजघरात असताना ते पाहिले आणि भजन अर्धेच असल्याचे तिला ओळखू आले. शोध घेता कळले की मुलगा सव्वासातला मागच्या खोलीत व्यायामाची गाणी लावी, आणि गाण्यांच्या ज्या सेवेचे पैसे तो भरीत होता तिच्या नियमानुसार एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणे वाजे. एकच गाणे तिन्ही खोल्यांत वाजवायचे तर हरकत नव्हती. तीन खोल्यांत तीन गाणी हवीत तर वेगळे, कुटुंबासाठीचे खाते घ्यावे लागे. म्हणजे कोनाड्यातला रेडिओ परत आला होता. परवाना एकाच्या नावावर, आणि ज्याच्या नावावर परवाना त्याचे गाणे वरचढ. फक्त पूर्वी बटण फिरवणारा हात दिसत असे. आता मुलालाही ठाऊक नव्हते की आपण कोणाचे गाणे तोडतो आहोत.

आम्हाला विचारात पाडले ते आईच्या वागण्याने. तिने तक्रार केली नाही. आपले गाणे मध्येच थांबणे तिला अजिबात विचित्र वाटले नाही. गाणे असेच असते, ते दुसऱ्या कोणाच्या सोयीने सुरू होते आणि थांबते, हा तिचा साठ वर्षांचा अनुभव होता. एकत्र ऐकण्याच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी हा अनुभवही त्या आठवणीत मोजावा.

याचा अर्थ एकत्र ऐकण्यात काही नाही असे आम्ही म्हणत नाही. आमच्या शेजारच्या तिवसा तालुक्यात मोझरीचे गुरुकुंज आहे. तुकडोजी महाराजांची खंजिरी आणि त्यांची सामुदायिक प्रार्थना यांनी या भागातल्या गावांना एका सुरात बसायला शिकवले. १९६८ साली महाराज गेले. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तेथे मौन श्रद्धांजली होते. मोठा जनसमुदाय एकाच क्षणी स्तब्ध उभा राहतो. त्या शांततेत कोणी वरचढ नसतो आणि कोणी भिंतीपलीकडे नसतो. आईने ती अनेकदा अनुभवली आहे. तेव्हा तिला एकांत हवा आहे, समूह नको आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. समूहात आपण मोजले जातो की नाही, एवढेच तिला कळते. आणि घरातल्या रेडिओपुढे आपण मोजले जात नव्हतो, हेही कळते.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. राईरकर-पॉइटेव्हँ यांना बायकांचे आवाज टिपण्यासाठी गावोगाव जावे लागले, जात्यापाशी बसावे लागले, विश्वास मिळवावा लागला. आता आईचा आवाज दररोज कुठल्यातरी दूरच्या संगणकाकडे आपोआप जातो. पण जातात ते हुकूम: हे लाव, ते थांबव, आवाज वाढव. पेटीपुढे ती स्वतः गात नाही. भजन चालू असताना ती पूर्वी गुणगुणे. आता पेटीला चुकीचे काही ऐकू जाईल म्हणून गप्प बसते. खोलीला गाणे परत मिळाले, पण गाणारी आता ऐकणारी झाली. या तोट्यावर उपाय आम्हाला दिसत नाही. तिला सांगून पाहिले की हाक मारल्याशिवाय पेटी मनावर घेत नाही. "तुले काय मालूम," असे तिने उत्तर दिले.

बाकी व्यवस्था करता आली ती केली. कुटुंबाचे खाते घेतले आणि त्यात आईचे स्वतंत्र खाते काढले. पेटीने आईचा आवाज ओळखावा म्हणून तिला काही ठरलेली वाक्ये मोठ्याने म्हणायची होती. ती इतकी हळू बोलली की पेटीने पुन्हा, जरा मोठ्याने, म्हणून सांगितले. असे तिला आयुष्यात कोणी सांगितले नसावे. तिसऱ्या वेळी ती एवढ्या जोरात बोलली की बैठकीतली पेटीही जागी झाली. मग नाव विचारले गेले. मुलाने सवयीने कागदपत्रांवरचे, म्हणजे सासरचे, नाव लिहायला घेतले. आईने त्याचा हात धरला आणि लग्नाआधीचे नाव लिहायला सांगितले. लग्नात नाव बदलण्याची रीत आमच्याकडे होती. ते जुने नाव घेणारे तिचे आईवडील, भाऊ, मैत्रिणी यांतले आता कोणी उरलेले नाही. घरात ते नाव आम्हालाही ऐकून माहीत होते, एवढेच.

आता सकाळी सातला माजघरातली पेटी तिला त्या नावाने नमस्कार करते. उच्चार हिंदी वळणाचा आहे आणि शेवटचे अक्षर दर वेळी चुकते. आई रोज तो दुरुस्त करते, पेटीला तो कळत नाही, आणि मग भजन सुरू होते. ते पूर्ण वाजते. त्याच वेळी मागच्या खोलीत मुलाची गाणी चालू असतात आणि बैठकीत आम्ही बातम्या ऐकत असतो. मधली दारे उघडी ठेवली तर तिन्ही आवाज एकमेकांत येतात. सध्या आम्ही ती उघडीच ठेवतो.